डास चावल्यापासून ताप येईपर्यंत शरीराला पत्ताच कसा लागत नाही?

कळंबेकर | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत यंदा पुन्हा डेंग्यू. समोरच्या घरात दोघं, आमच्यात धाकटा. आता बरा आहे, शाळेला जातोय. पण डॉक्टर एक वाक्य बोलून गेले ते डोक्यातून जाईना : डास चावल्यावर ४ ते १० दिवसांनी ताप येतो. म्हणजे तेवढे दिवस विषाणू पोराच्या अंगात वाढत होता आणि पोरगं मैदानावर क्रिकेट खेळत होतं!

माझं जीवशास्त्र बारावीपुरतं. अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो हे कळतं. पण त्याआधीची म्हणून जी जन्मजात प्रतिकारशक्ती आपण पाठ केली, ती काही तासांत कामाला लागते असं पुस्तकात होतं. मग ती होती कुठं? झोपली होती की तिला कुणी झोपवलं होतं? आणि झोपवलं असेल तर एवढासा विषाणू हे करतो कसं?

काढे आणि पानांचे रस सुचवणारे भरपूर मेसेज घरच्या ग्रुपवर आलेत. इथं फक्त आतली यंत्रणा कुणीतरी समजावून सांगा.

नाद_खुळा | ९:१५

इषय खोल हाय भावा. सतरंजी टाकून बसलोय.

पपईपान | ९:३१

रसाची चेष्टा नको. माझ्या मेव्हण्याच्या प्लेटलेट खाली गेलेल्या, दोन वेळ रस दिला, तिसऱ्या दिवशी वर. यंत्रणा वगैरे नंतर बघा, आधी गुण बघा.

डॉ_गडहिंग्लज | ९:५८

पपईपान, ताप उतरला की एकदोन दिवसांत प्लेटलेट आपोआप वर येऊ लागतात. रस ज्या दिवशी दिला जातो तो बहुतेक वेळा तोच दिवस असतो. रस न घेतलेल्यांच्याही अशाच वर येतात, फक्त ते कुणी ग्रुपवर टाकत नाही.

धागा वाचणाऱ्यांसाठी एवढंच : डेंग्यूवर विषाणू मारणारं खास औषध नाही. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, धोक्याचा काळ बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, यातलं काही दिसलं तर सरळ दवाखाना गाठा.

मूळ प्रश्न झकास आहे. त्यासाठी सूक्ष्माताईंना हाक मारतो.

सूक्ष्माताई | १०:४०

हाक ऐकली. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र केलं, पुढं पोट याच विषयावर भरतेय, त्यामुळं जरा लांबण लावणार आहे.

कळंबेकर, ती झोपलेली नव्हती. तिच्या तारा कापल्या होत्या.

विषाणू पेशीत शिरला की पहिलं काम म्हणजे स्वतःच्या प्रती काढणं. डेंग्यूचं सगळं भांडवल म्हणजे सुमारे ११ हजार अक्षरांचा एक आरएनए, त्यात अवघ्या दहा प्रथिनांची कृती. प्रत काढताना मधे दुपदरी आरएनए तयार होतो. लांबलचक दुपदरी आरएनए निरोगी पेशीच्या द्रवात सहसा आढळत नाही. शिवाय आपल्या एमआरएनएच्या, म्हणजे प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या आरएनएच्या, टोकाला एक रासायनिक टोपी असते, विषाणूची ताजी प्रत बोडकी असू शकते. रिग-आय आणि एमडीए-५ ही दोन प्रथिनं नेमक्या या खुणा हुंगत असतात. खूण सापडली की ती मायटोकॉन्ड्रियावर बसलेल्या एमएव्हीएस या प्रथिनाला जाऊन भिडतात, तिथून खबर केंद्रकात जाते आणि पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते.

पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो ना? ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. एक जण पातळी वाचतो, तो फोन करतो, मग खालच्या गावांना निरोप जातो, आणि निरोप मिळाल्यावर गाव जनावरं सोडून उंचावर नेतं. रिग-आय पातळी वाचणारा, एमएव्हीएस फोन, इंटरफेरॉन हा निरोप. तो मुख्यतः शेजारच्या पेशींसाठी असतो. त्यांच्यापर्यंत पोचला की तिथं शेकडो जनुकं एकदम चालू होतात. कुणी परक्या आरएनएचे तुकडे करतं, कुणी प्रथिनांची बनावटच आवरती घेतं.

ही शेजारधर्माची गोष्ट १९५७ साली लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत आयझॅक्स आणि लिंडेनमान यांच्या लक्षात आली. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर उष्णतेनं मारलेला फ्लूचा विषाणू टाकला. नंतर त्यावर जिवंत विषाणू वाढेना. तिथला नुसता द्रव काढून नव्या पडद्यावर टाकला, तर तिथंही वाढेना. द्रवात जे काही होतं त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं.

आता विषाणूनं ही साखळी कुठंही तोडली तरी त्याचं भागतं. कशी तोडतो ते उद्या. पोळ्या राहिल्यात.

आजरा_घनसाळ | १०:५२

आमच्या गावात निरोप वेळेत येतो, पण म्हातारी गोठा सोडून हलत नाही. त्याला कुठला विषाणू म्हणायचा?

मास्तर_निवृत्त | ११:०५

सूक्ष्माताई, उपमा छान. पण पाणी काही पातळी वाचणाऱ्याचा चष्मा पळवत नाही. विषाणू पळवतो असं तुमचं म्हणणं दिसतं. मग तिथं उपमा संपते.

सूक्ष्माताई | बुधवार, सकाळी ७:२०

मास्तर, बरोबर, तिथं ती सोडून देऊ आणि विषाणूकडं वळू.

पहिली युक्ती लपण्याची. डेंग्यू प्रती काढायचं काम उघड्यावर करत नाही. पेशीत पडद्यांचं एक जाळं असतं, आंतर्द्रव्यजालिका, तिचा पडदा आत दाबून तो बारीक बारीक कप्पे करतो आणि दुपदरी आरएनए त्यांत झाकून ठेवतो. वर एनएस-५ नावाचं त्याचं प्रथिन विषाणूच्या आरएनएला आपल्यासारखीच टोपी चढवतं. कोविडचा विषाणूही स्वतःची टोपी स्वतः बनवतो. फ्लूवाला तर आपल्या एमआरएनएची टोपी कापून आपल्या डोक्यावर घालतो!

लपूनही सुगावा लागलाच तर हुंगणाऱ्याला अडवायचं. फ्लूचं एनएस-१ प्रथिन दुपदरी आरएनएवर आपणच बसतं, आणि रिग-आयला कामाला लावणाऱ्या ट्रिम-२५ या प्रथिनालाही धरून ठेवतं. एनएस-१ काढून टाकलेला फ्लूचा विषाणू १९९८ साली प्रयोगशाळेत बनवला. इंटरफेरॉनची यंत्रणा शाबूत असेल तिथं तो अगदी दुबळा ठरला, आणि जिथं ती यंत्रणाच नव्हती तिथं आरामात वाढला. त्या प्रथिनाचं मुख्य काम काय, हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

पुढची कडी एमएव्हीएस. हिपॅटायटिस सीच्या विषाणूकडं एनएस-३/४ए नावाची कात्री आहे, खरं तर स्वतःची लांबलचक प्रथिनमाळ कापून सुटी करायला. तीच कात्री तो एमएव्हीएसवर चालवतो आणि त्याला मायटोकॉन्ड्रियावरून छाटून टाकतो.

आणि कळंबेकर, तुमच्या पोराचा विषाणू. डेंग्यूची खरी कमाल शेवटच्या कडीवर. निरोप शेजारच्या पेशीवर पोचला तर तो केंद्रकापर्यंत नेण्याचं काम स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ही जोडी करते. त्या पेशीत डेंग्यू आधीच घुसलेला असेल तर तेच टोपीवालं एनएस-५ प्रथिन स्टॅट-२ ला पकडतं आणि पेशीच्याच कचरायंत्रणेकडून त्याची विल्हेवाट लावून घेतं. बाहेरून कितीही इंटरफेरॉन येवो, आत कुणाला कळत नाही. दहाच प्रथिनं असलेल्या विषाणूला एकेका प्रथिनाकडून चार चार कामं करून घ्यावी लागतात, त्याचा हा नमुना.

गंमत म्हणजे उंदराच्या स्टॅट-२ पुढं एनएस-५ ची मात्रा चालत नाही. म्हणून साध्या उंदरात डेंग्यू नीट वाढत नाही, आणि अभ्यासासाठी बऱ्याचदा इंटरफेरॉनची वाट मुद्दाम बंद केलेले उंदीर वापरावे लागतात.

कळंबेकर | ८:०२

ताई, एक मिनिट. पोराच्या रक्ताच्या रिपोर्टवर एनएस-१ पॉझिटिव्ह लिहिलं होतं. त्याला फ्लू पण होता की काय?

डॉ_गडहिंग्लज | ८:१०

नाही हो. दोघांचं नाव सारखं, काम वेगळं. डेंग्यूचं एनएस-१ बाधित पेशी रक्तात सोडतात, म्हणून पहिल्या काही दिवसांत तपासणीत ते सापडतं. तेही काही साधं नाही. रक्तात फिरून ते आपल्या पूरक प्रथिनांच्या, म्हणजे रक्तातल्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या प्रथिनांच्या, कामात खोडा घालतं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतं. गंभीर डेंग्यूत रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, त्यात त्याचा हात आहे.

पुणेरी_पाहुणा | ९:४४

उत्तम धागा. कोल्हापूरचा धागा असून अजून कुस्ती आणि रस्सा आला नाही याबद्दल विशेष अभिनंदन.

नाद_खुळा | ९:४६

पाहुणं, जेवाय या. मग बघू कोण कुणाला चकवतंय.

दूधगंगा_काठ | ११:१५

आमच्याकडं गोठा आहे, घरातली निम्मी मिळकत दुधाची. माणसांचं ऐकलं, आता जनावरांचं सांगा. लाळ-खुरकूत एका जनावराला झाली की बाकीची पटापट कशी धरतात? मागं आमच्या गोठ्यात आली तेव्हा सकाळी एका गाईच्या तोंडातून तार लोंबत होती. वैरण पुढं टाकली तर नुसतं तोंड लावून बाजूला सरायची. जीभ बघितली तर वरचं सालडं सुटून आलेलं. दुपारपर्यंत पलीकडची पाय झाडायला लागली. एवढ्या वेगात शरीर काही करतच नाही का?

सूक्ष्माताई | दुपारी १:३०

दूधगंगा, तुमचा विषाणू या सगळ्यांत दांडगा. लपाछपीच्या भानगडीत फारसा पडत नाही. पेशीत शिरल्या शिरल्या तो एक प्रथिन बनवतो, त्याचं नाव लीडर प्रोटीएज. आपल्या पेशीला प्रथिनं बनवायची असतील तर एमआरएनएची टोपी पकडून त्याला रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिनं जोडणाऱ्या यंत्रापर्यंत, आणणारी एक टोळी लागते. हे लीडर प्रथिन त्या टोळीतला मधला दुवा, ईआयएफ-४जी, कापून टाकतं. झालं, पेशीचं स्वतःचं बहुतेक उत्पादन बंद. इंटरफेरॉनचं जनुक चालू झालं, त्याचा एमआरएनएही निघाला, तरी त्याचं प्रथिन बनणार कसं?

विषाणूचं मात्र चालूच राहतं. त्याच्या आरएनएला टोपी लागत नाही. त्यातला एक दुमडलेला भाग रायबोसोमला थेट ओढून घेतो.

लीडर प्रथिनाचं जनुक काढलेला लाळ-खुरकुतीचा विषाणू बनवून गाईंना दिला गेला आहे. तो जनावरांत पसरू शकला नाही, कारण शेजारच्या पेशी वेळेत सावध झाल्या. वर्षातून दोनदा टोचतात ती लस मारलेल्या विषाणूची असते, ती चुकवू नका. विषाणू तारा कापायच्या आत रक्तात अँटिबॉडी हजर असणं हाच त्यावरचा उपाय आहे.

दूधगंगा_काठ | १:४८

आणि लंपी?

सूक्ष्माताई | १:५५

लंपी देवी रोगाच्या विषाणूच्या घराण्यातला, डीएनएवाला. त्याची पोथी दीड लाख अक्षरांची, दीडशेच्या वर जनुकं. एवढी जागा असल्यावर हौसेमौजेला काय तोटा! या घराण्याला चोरीची सवय. यजमानाच्या संदेशप्रथिनांची किंवा ती पकडणाऱ्या प्रथिनांची जनुकं यांनी कधीकाळी उचलून आपल्यात घातलीत. लंपीच्या पोथीत इंटरल्यूकिन-१० ची नक्कल आहे. हे आपलंच दाह शमवणारं प्रथिन. लंपीच्या नात्यातला व्हॅक्सिनिया तर इंटरफेरॉन पकडणारं एक प्रथिन बाहेर सोडून ठेवतो. इंटरफेरॉन त्यालाच चिकटून बसतो, पेशीपर्यंत जातच नाही.

मास्तर_निवृत्त | ३:१०

माझा प्रश्न वेगळा. या विषाणूंना मेंदू नाही, इरादा नाही. एवढ्या युक्त्या सुचतात कुठून?

मिरजकर_पॅथॉलॉजी | ४:२५

मास्तर, सुचत नाहीत, उरतात. आरएनए विषाणू प्रत काढताना चुका करतो आणि बहुतेकांना त्या तपासायची सोय नसते. लाखो प्रतींतल्या बहुतेक बाद होतात. एखाद्या चुकीनं आपल्या पहारेकऱ्याला थोडासा अडथळा झाला की ती प्रत बाकीच्यांना मागं टाकते.

हे प्रयोगात डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय. आपल्याकडं पीकेआर नावाचं प्रथिन आहे, दुपदरी आरएनए दिसला की ते पेशीचं प्रथिन-उत्पादन थांबवतं. व्हॅक्सिनियाकडं त्याला अडवणारी दोन जनुकं. संशोधकांनी त्यातलं चांगलं काढून घेतलं आणि विषाणूला दुसऱ्या, कमकुवत के३एल या जनुकावर मानवी पेशींत जगायला सोडलं. थोड्याच पिढ्यांत विषाणूंनी के३एलच्या एकामागोमाग एक प्रती आपल्या डीएनएत भरल्या. माल हलका तर माप वाढवलं. पुढं त्यांतल्या एका प्रतीत नेमका उपयोगी बदल झाला की जास्तीच्या प्रती पुन्हा गळतात. २०१२ चं हे काम आहे. पलीकडं माकडं आणि माणसं यांच्यातलं पीकेआरही लाखो वर्षं भराभर बदलत आलंय. दोन्ही बाजूंनी चाललेलं हे काम आहे.

एका बाबतीत मात्र वरच्या चर्चेशी माझं जमत नाही. सगळ्यांचा सूर असा की इंटरफेरॉन जितका जास्त तितकं चांगलं. तसं नाही. आयकार्डी-गुतिएर नावाचा दुर्मीळ आजार आहे. त्यात बाळाच्या पेशी स्वतःच्याच डीएनए-आरएनएला परका समजून इंटरफेरॉनची घंटा वाजवत राहतात आणि मेंदूची हानी होते. कुठलाही विषाणू नसताना. त्यामुळं 'इम्युनिटी वाढवा' म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठली वाढवू आणि थांबवू कशी?

पपईपान | ४:४०

म्हणजे काढा पण नको?

मिरजकर_पॅथॉलॉजी | ४:४३

चवीला घ्या.

पेठेतला | सायंकाळी ६:३०

इंटरफेरॉनचं नाव निघालं म्हणून. आमच्या काकांना हिपॅटायटिस सी होता, नव्या गोळ्या यायच्या आधीची गोष्ट. आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन, रोज रिबाव्हिरिन, असं कित्येक महिने. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी ते खोकं असायचं. काका शनिवारी संध्याकाळी पोटावर टोचून घ्यायचे, म्हणजे रविवार पडून काढता येईल. रात्री जेवण आटपेपर्यंत दात वाजायला लागायचे. काकू आधी चादर, मग रजई, मग त्यावर घोंगडं टाकायची. ताप चढायचा, सांधे ठणकायचे, एका शब्दानं कुणाशी बोलायचे नाहीत. सोमवारी दुकान उघडायला हजर. हुबेहूब डेंग्यूसारखं दिसायचं. पण डासाचा संबंध नव्हता, अंगात गेलेलं ते फक्त इंटरफेरॉन.

आता ऐकतो की तोच आजार आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांत जातो.

डॉ_गडहिंग्लज | ७:०५

जातो, १०० पैकी ९५ हून अधिक लोकांचा. त्या गोळ्यांतली काही औषधं सूक्ष्माताईंनी वर सांगितलेली कात्रीच बोथट करतात.

कळंबेकर, पेठेतल्या काकांच्या रजईखाली तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. ताप, अंगदुखी, गळून जाणं हे विषाणू करत नाही, आपली यंत्रणा करते. पोरगं क्रिकेट खेळत होतं कारण निरोप सुटलेलाच नव्हता.

रंकाळ्यावर_फेरी | ७:४०

कोविडच्या दुसऱ्या लाटेत पण इंटरफेरॉनच्या इंजेक्शनची चर्चा होती. एप्रिल २०२१ मध्ये भारतात तातडीच्या वापराला परवानगीही मिळालेली. मग ते मागं का पडलं?

मिरजकर_पॅथॉलॉजी | ८:१५

वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांना इंटरफेरॉन-बीटा दिला, मृत्यू कमी झाले नाहीत. दाखल होईपर्यंत विषाणूचं काम झालेलं असतं, तेव्हा उशिराचा निरोप नुसता गोंधळ वाढवतो.

पण त्याच साथीत एक मोठी गोष्ट कळली. २०२० साली कोविडनं अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातल्या १०१ जणांच्या अंगात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, आणि त्यात ९५ पुरुष. म्हणजे विषाणूला जे करायचं होतं ते या माणसांच्या शरीरानं आधीच करून ठेवलेलं. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन धडधाकट माणसांतला एक का गेला, याची काही उत्तरं इथं आहेत.

पुणेरी_पाहुणा | ८:३२

अवांतर : वटवाघळांना काहीच कसं होत नाही? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्याचं २०२१ साली वाचलं होतं.

सूक्ष्माताई | ९:१०

वटवाघळांनी घंटेचा आवाजच कमी करून ठेवलाय. पेशीद्रवात डीएनए दिसला की बोंब मारणारं स्टिंग नावाचं प्रथिन आपल्याकडं आहे. त्यातला ३५८ व्या जागेचा घटक वटवाघळांत बदललेला आहे, त्यामुळं ते थोडं दबक्या आवाजात काम करतं. विषाणू आटोक्यात राहतो, दाहानं जनावर मरत नाही.

लगे हाथ दुसरं अवांतर. ही चोरवाट माणसानंही उचलली. कोविडच्या एमआरएनए लसीतला आरएनए बाहेरूनच दिलेला, तो पेशीनं परका म्हणून हाकलायला हवा. कारिको आणि वाइसमन यांनी २००५ साली दाखवलं की त्यातलं युरिडिन हे अक्षर बदलून स्यूडोयुरिडिन घातलं तर पहारेकरी फारसे खवळत नाहीत. २०२३ चं नोबेल त्यासाठीच.

कळंबेकर | ९:२५

सगळ्यांचे आभार, पण डॉक्टर 'अर्ध्या प्रश्नाचं' म्हणाले. उरलेला अर्धा? तारा जर इतक्या पक्क्या कापल्या होत्या तर शेवटी ताप आला कसा? डेंग्यूची मेहनत फुकट गेली का?

सूक्ष्माताई | १०:१८

याच प्रश्नाची वाट बघत होते.

डेंग्यू ज्या पेशीत घुसला तिथल्या तारा कापतो. पण आपल्या रक्तात प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी नावाची मंडळी फिरत असतात. संख्येनं अगदी थोड्या, इंटरफेरॉन बनवण्यात सगळ्यांत पुढं. डेंग्यू त्यांच्यात फारसा वाढत नाही, म्हणून त्यांच्या तारा शाबूत. त्या बाधित पेशीला जाऊन चिकटतात, तिच्यातला विषाणूचा आरएनए आपल्यात ओढून घेतात आणि टीएलआर-७ नावाच्या वेगळ्याच पहारेकऱ्याकडून तपासतात. हा पहारेकरी पेशीच्या आतल्या पिशव्यांत बसलेला असतो. तिथून खबर एमएव्हीएसच्या वाटेनं जातच नाही. बाधित पेशीचं तोंड बांधलंय, पण तिला भेटायला आलेली बाई बोंब मारते.

सुरुवातीला बाधित पेशी कमी, तोपर्यंत सामसूम. विषाणूची संख्या रक्तात भरमसाट झाली की या पेशी आणि इतर मंडळी मिळून एकदम उठतात. तोच ताप.

आणि मेहनत फुकट? छे. ताप येण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणसाच्या रक्तातून डासाला विषाणू मिळू शकतो. पोरगं मैदानावर होतं ना, तेव्हाच. विषाणूला पुढच्या डासात जाण्यापुरता वेळ हवा होता, तो त्यानं मिळवला. घर भरून आजारी पडल्यावर फवारणीची गाडी येते, तोपर्यंत गल्लीतले डास विषाणू घेऊन बसलेले असतात. पिंप, कुंड्या, टायर आठवड्याला रिकामे करणं हे आजारी माणूस नसतानाच करायचं काम आहे.

डॉ_गडहिंग्लज | १०:३०

एक जोड. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर धोका जास्त असतो. जुन्या अँटिबॉडी नव्या विषाणूला नीट मारत नाहीत, उलट धरून पांढऱ्या पेशींच्या आत नेऊन सोडतात. कळंबेकर, धाकट्याचा हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढं कधी ताप आला तर डॉक्टरांना आधी दाखवा.

कळंबेकर | १०:३४

फाइलला लावतो. तळ्याकडच्या बाजूची पिंपं उद्याच उलटी करतो.

उसाचा_फड | १०:५०

एवढं सगळं वाचलं. माणूस झाला, गाय झाली, वटवाघूळ झालं. आमच्या शिरोळ भागात ऊस सोडून दुसरं काय दिसत नाही, त्याचं कोण बोलणार? खोडव्याच्या, म्हंजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा फुटलेल्या पिकाच्या, कोवळ्या पानांवर फिकट हिरवे पट्टे आलेत. कृषीवाले म्हणाले मोझॅक, विषाणू आहे. उसाला इंटरफेरॉन असतंय का?

नाद_खुळा | १०:५२

आता बघा, ऊस पण अ‍ॅडमिट.

सूक्ष्माताई | ११:२०

हसू नका, प्रश्न एकदम रास्त आहे. उसाला इंटरफेरॉन नाही, पण दुपदरी आरएनए ओळखण्याची कला आहे. डासालाही तीच आहे. वनस्पती तो आरएनए पकडून त्याचे वीस-बावीस अक्षरांचे बारीक तुकडे करते, आणि त्या तुकड्यांच्या मापानं विषाणूचा उरलेला आरएनए शोधून कापत सुटते.

मोझॅकच्या विषाणूकडं त्यावर एचसी-प्रो नावाचं प्रथिन आहे. ही कापाकापी ते मोडून काढतं. बरं, एवढ्यावर भागत नाही. हेच प्रथिन विषाणूला माव्याच्या सोंडेला चिकटवून ठेवतं, म्हणजे एकाच प्रथिनावर पहारेकऱ्याचा बंदोबस्त आणि पुढच्या उसापर्यंतचा प्रवास, दोन्ही.

उसाचा_फड | ११:२६

मग मावा मारायला फवारा घेऊ का?

सूक्ष्माताई | ११:३३

मोझॅकसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. मावा सोंड टोचतो त्या काही सेकंदांतच विषाणू पानात जातो, औषधानं मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. खरा प्रसार बेण्यातून होतो. पट्टे असलेल्या प्लॉटमधलं बेणं पुढच्या लावणीला अजिबात वापरू नका. मोझॅक जास्त असेल तर खोडवा ठेवू नका. ऊतीसंवर्धित रोपांपासून वाढवलेलं बेणं आणा. शेंड्याच्या अगदी टोकाच्या वाढबिंदूत विषाणू सहसा पोचलेला नसतो, त्या कणभर तुकड्यापासून ती रोपं केलेली असतात.

उसाचा_फड | ११:४१

खोडवा मोडायचा म्हंजे घरात आधी आबांना पटवाय लागणार. हा धागा वाचून दाखवतो. गाईपर्यंत ऐकतील, फुडं झोपतील.